अलिबी फेटाळून शिक्षा झाली असेल, तर हायकोर्टातलं अपील कसं उभं करायचं

आरोपी घटनेच्या वेळी दुसरीकडे होता असं, म्हणजे अलिबी, सांगूनही सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली, की घरच्यांना वाटतं, आता हायकोर्टात सगळं पुन्हा नीट सांगू, साक्षीदार पुन्हा उभे करू. अपिलात तसं होत नाही. हायकोर्ट खटला नव्याने चालवत नाही. खालच्या कोर्टात जे जबाब आणि कागद नोंदले गेले, त्यांचाच ते मुळापासून फेरविचार करतं. म्हणून अलिबीच्या अपिलात 'तो तिथे नव्हता' हे परत सांगून भागत नाही. तो तिथे होता असं ठरवताना खालच्या न्यायाधीशांची चूक नेमकी कुठे झाली, हे रेकॉर्डमधलं पान काढून दाखवावं लागतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्धच्या अपिलासाठी आहे. शिक्षा झालेल्याचे नातेवाईक आणि फौजदारी अपिलं नव्याने हाताळणारे वकील, दोघांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस आली आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. बहुतेक निकाल जुन्या कलमांवरचे आहेत, त्यामुळे खाली गरज पडेल तिथे दोन्ही क्रमांक दिले आहेत.

आधी मुदत, नंतर बाकी सगळं

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला निकालाच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवस. शिक्षा मॅजिस्ट्रेटने दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात जातं आणि मुदत ३० दिवसांची. विशेष कायद्यांमध्ये हिशोब वेगळा असतो. एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याखालच्या खटल्यात ३० दिवस आहेत आणि कायद्याच्या शब्दांप्रमाणे ९० दिवसांपुढे दार बंद होतं. सबळ कारण असेल तर त्यापुढचा उशीरही माफ होऊ शकतो असं मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये ठरवलं, पण त्यावर विसंबून राहू नका. त्यामुळे शिक्षा कोणकोणत्या कायद्यांखाली झाली, हे निकालपत्राच्या शेवटच्या आदेशात सर्वांत आधी पाहा.

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत निकालानंतर लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे (बीएनएसएस कलम ४०४, जुनं ३६३). ती मागून घ्या. जबाब आणि निशाण्यांच्या (कोर्टाने क्रमांक देऊन नोंदलेल्या पुराव्याच्या कागदांच्या) प्रमाणित प्रतींसाठी नक्कल विभागात वेगळा अर्ज त्याच आठवड्यात टाका. निकालाची प्रमाणित प्रत तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण ते मोजले जातात प्रतीवरच्या शिक्क्यांवरून: अर्ज कधी आला, प्रत कधी तयार झाली. प्रत तयार होऊन पडून राहिली आणि तुम्ही पंधरा दिवसांनी आणायला गेलात, तर ते पंधरा दिवस तुमच्या मुदतीतूनच कापले जातात.

मुदत उलटली असेल तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. तुरुंगात असणं आणि पैशांची अडचण ही कारणं कोर्ट सहसा समजून घेतं, पण प्रत्येक कालखंडाचा खुलासा द्यावा लागतो.

वकील परवडत नसेल तर थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अपिलाचा अर्ज थेट तुरुंग अधीक्षकांकडे देता येतो आणि तो कोर्टाकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे (बीएनएसएस कलम ४२४). अशा 'जेल अपिला'त मुद्दे त्रोटक असले तरी मुदत सांभाळली जाते. नेमलेला वकील सविस्तर कारणं नंतर जोडू शकतो.

अपील कोणत्या खंडपीठात दाखल करायचं हे जिल्ह्यावर ठरतं. मुंबईचं मुख्य पीठ, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा ही पीठं आधीपासून आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे गेले.

शिक्षेला स्थगिती आणि जामीन

अपिलासोबतच कलम ४३० (जुनं ३८९) खाली शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा अर्ज जोडतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपील दाखल होईपर्यंत जामीन देऊ शकतं. त्यासाठी निकाल ऐकायला जातानाच अर्ज आणि जामीनदार तयार ठेवा. जन्मठेप, फाशी किंवा दहा वर्षांहून कमी नसलेल्या कैदेच्या गुन्ह्यात सोडण्याआधी सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, म्हणून निदान एक-दोन तारखा जातात.

या अर्जात अलिबीची सगळी कहाणी घालण्याचा मोह टाळा. इथे कोर्ट पुरावा खोलात तपासत नाही, वरवर वाचताच दोष दिसतो का एवढंच बघतं. एकच कागद निवडा, जो वाचताक्षणी शंका निर्माण करतो. सरकारी नोकरी किंवा लोकप्रतिनिधीपद पणाला लागलं असेल, तर शिक्षेची स्थगिती पुरत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती मागावी लागते. ती क्वचित मिळते आणि तिच्यासाठी वेगळी विनंती लिहावी लागते.

निकालपत्र वाचताना वेळेचा तक्ता करा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा: वेळ, फिर्यादी पक्ष काय म्हणतो, बचाव पक्ष काय म्हणतो, आणि तो आधार कोणत्या निशाणीत किंवा जबाबाच्या कोणत्या परिच्छेदात आहे. फिर्यादी पक्षाची वेळ एकाच ठिकाणाहून घेऊ नका. एफआयआर, स्टेशन डायरी, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, प्रत्यक्षदर्शीची सरतपासणी आणि उलटतपासणी, सगळीकडची वेळ लिहून काढा. बहुतेक खटल्यांत त्या तंतोतंत जुळत नाहीत. शवविच्छेदनावरून सांगितलेली मृत्यूची वेळ तर काही तासांचा पट्टाच असते, आणि तुमच्या अलिबीला तो पूर्ण पट्टा झाकावा लागतो.

समजा, फिर्यादीप्रमाणे हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास झाला. आरोपीचं म्हणणं, तो तेव्हा ४५ किलोमीटरवरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत कामावर होता. हजेरीच्या मशीनवर दुपारी ३.५२ ला आत आणि रात्री १२.०६ ला बाहेर अशी नोंद आहे. घरच्यांना यात सगळं सिद्ध झालेलं दिसतं. न्यायाधीशांना दिसते ती मधली आठ तासांची मोकळी जागा: माणूस सातला निघून अकराला परत येऊ शकतो, आणि मशीनला त्याचा पत्ता लागत नाही.

आता गेट रजिस्टर बघा. पाळी चालू असताना बाहेर पडणाऱ्याची नोंद त्यात होते का, आणि मागच्या बाजूला दुसरं फाटक आहे का? मग उत्पादनाचा तक्ता, ज्यावर ऑपरेटर दर तासाला आकडा लिहून सही करतो. ९ आणि १० वाजताच्या दोन्ही नोंदींखाली आरोपीची सही असेल आणि सुपरवायझरने ती ओळखली असेल, तर ९० किलोमीटरचा जाण्यायेण्याचा प्रवास आणि हल्ला त्या एका तासात बसत नाही. हजेरीचा उतारा आणि हा तक्ता यांच्यात हाच फरक आहे. पहिला 'तो कामावर आला होता' एवढंच सांगतो, दुसरा 'त्या वेळी तो तिथे असणं अशक्य होतं' हे सांगतो. अलिबीला दुसऱ्या जातीचा पुरावा लागतो.

तक्ता पूर्ण झाला की प्रत्येक कागदापुढे लिहा: रेकॉर्डवर आहे की नाही, आणि असेल तर सिद्ध झाला आहे की नुसताच दाखल आहे. इथून पुढचं सगळं अपील या दोन उत्तरांवर चालतं.

कायदा काय मागतो

अलिबी हा काही वेगळा अपवाद नाही, तो पुराव्याचा नियम आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९ (जुनं ११) प्रमाणे आरोपी दुसरीकडे होता ही बाब सुसंगत ठरते आणि कलम १०६ (जुनं १०३) प्रमाणे ती सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. पण त्याआधी आरोपी घटनास्थळी होता आणि त्याने गुन्हा केला, हे फिर्यादी पक्षाने सिद्ध केलेलं असलं पाहिजे. ती जबाबदारी कधीच सरकत नाही.

बिनय कुमार सिंग विरुद्ध बिहार राज्य (१९९६) हा निकाल सरकारी वकील हमखास पुढे करतात, कारण आरोपीची घटनास्थळावरची उपस्थिती पूर्णपणे अशक्य ठरेल इतक्या खात्रीचा पुरावा त्यात मागितला आहे. तोच निकाल पुढे वाचा. बचावाच्या पुराव्यामुळे आरोपीच्या उपस्थितीबद्दल वाजवी शंका निर्माण होत असेल, तर त्या शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, असंही तिथेच म्हटलं आहे. खालच्या कोर्टाने पहिला भाग उतरवून दुसरा सोडून दिला असेल, तर तो तुमचा मुद्दा.

दुधनाथ पांडे विरुद्ध उत्तर प्रदेश (१९८१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. आणि शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र (१९८४) सांगतो, की बचाव खोटा ठरला म्हणून फिर्यादी पक्षाच्या पुराव्यातली भगदाडं बुजत नाहीत. साखळी आधीच पूर्ण असेल तरच खोटा बचाव तिच्यात आणखी एक कडी म्हणून धरता येतो. निकालपत्रात 'आरोपी अलिबी सिद्ध करू शकला नाही, सबब तो दोषी' अशा क्रमाने विचार झाला असेल, तर अपिलाचं पहिलं कारण तेच ठेवा.

अलिबी मुळात कुठे चालत नाही, हेही आधीच ओळखा. कट किंवा चिथावणीच्या आरोपात माणूस घटनास्थळी असण्याची गरजच नसते. शिक्षा खून आणि कट अशा दोन्हींखाली असेल, तर कटाविरुद्धची कारणं स्वतंत्र लिहा. नाहीतर अलिबी मान्य होऊनही माणूस आतच राहील.

अलिबी का फेटाळली जाते, आणि त्यावर काय करायचं

'बचाव उशिरा सुचला' हे सर्वाधिक दिसणारं कारण. आपल्याकडे अलिबीची आगाऊ नोटीस देण्याची कायदेशीर सक्ती नाही, पण सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीत एकदाही सुचवलं नाही आणि बीएनएसएस कलम ३५१ च्या (जुनं ३१३) जबाबात, म्हणजे कोर्ट आरोपीला थेट प्रश्न विचारतं तेव्हा, अचानक सांगितलं, की कोर्टाला तो रचलेला वाटतो. म्हणून अलिबीचा सर्वांत जुना उल्लेख शोधून काढा: अटकपूर्व जामिनाचा अर्ज, रिमांडच्या वेळचं म्हणणं, नातेवाइकांनी पोलीस अधीक्षकांना दिलेलं निवेदन. जामीन अर्जाने अलिबी सिद्ध होत नाही, पण ती मागाहून रचली हा आक्षेप पडतो. तपास अधिकाऱ्याला ही माहिती मिळूनही त्याने कारखान्यात साधी चौकशी केली नसेल, तर त्याची उलटतपासणी पुन्हा वाचा. तशी कबुली अनेकदा एका ओळीत दडलेली असते आणि निकालात तिची दखलच नसते.

दुसरं कारण, साक्षीदार नात्यातले आहेत. रात्री दोन वाजता माणूस घरी झोपला असेल तर साक्षीला बायको आणि आईच येणार. नातं हे साक्ष काळजीपूर्वक तपासण्याचं कारण आहे, फेकून देण्याचं नाही. सरकारी बाजूचे साक्षीदारही मृताचे नातेवाईक असतील आणि त्यांच्यावर मात्र विश्वास ठेवला असेल, तर दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून दाखवा.

तिसरं कारण कागदाचं. रजिस्टरची झेरॉक्स दाखल केली, मूळ आणलं नाही, लिहिणाऱ्याला तपासलं नाही. सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड किंवा हजेरी मशीनचा डेटा दिला, पण प्रमाणपत्र जोडलं नाही. अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) निकालानंतर जुन्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे याबद्दल वाद उरला नाही. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं. एक भाग डेटा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळायचा आकडा) लिहावी लागते.

मोबाइलच्या टॉवरवर फार भरवसा ठेवू नका. टॉवर फोन कुठे होता ते सांगतो, तेही काही किलोमीटरच्या घेरात. फोन आरोपीच्याच हातात होता हे दाखवायला त्या वेळी त्याच्याशी बोललेला माणूस लागतो.

जो कागद कोर्टापुढे आलाच नाही

वरच्या उदाहरणातला तासातासाचा तक्ता खटल्यात दाखलच झाला नसेल, तर रस्ता बीएनएसएस कलम ४३२ चा (जुनं ३९१). अतिरिक्त पुरावा गरजेचा वाटला तर हायकोर्ट कारणं नोंदवून तो स्वतः घेतं किंवा सत्र न्यायालयाला घ्यायला सांगतं. हा हक्क नव्हे, कोर्टाचा अधिकार आहे, आणि तो जपून वापरला जातो. अर्जात चार गोष्टींची सरळ उत्तरं द्या. पुरावा नेमका काय आहे, तो कोणाच्या ताब्यात आहे, खटल्याच्या वेळी का आणता आला नाही, आणि तो आला तर निकालातला कोणता निष्कर्ष बदलतो. सोबत प्रतिज्ञापत्र लावा.

तिसऱ्या उत्तरावर बहुतेक अर्ज पडतात. प्रयत्न करूनही पुरावा आणता आला नाही असं दिसलं पाहिजे. 'आधीच्या वकिलांनी लक्ष दिलं नाही' एवढ्यावर कोर्टाचं समाधान होत नाही. याउलट, बचावाने साक्षीदाराला समन्स काढण्यासाठी किंवा कंपनीकडून रजिस्टर मागवण्यासाठी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला, असं रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेवार कामकाजाच्या नोंदीत) सापडलं तर तुमचा पाया पक्का होतो. म्हणून रोजनाम्याची आणि सगळ्या किरकोळ अर्जांची नक्कल जरूर काढा. घरचे लोक निकाल आणि जबाब काढतात, हे कागद मागेच राहतात.

मूळ कागद टिकवणं ही आजची घाई आहे. कॉल रेकॉर्ड कंपन्यांनी किमान दोन वर्षं ठेवायचे असतात, त्यानंतर ते मिळण्याची खात्री नाही. सीसीटीव्हीचं चित्रण तर काही आठवड्यांतच पुसलं जातं. ज्याच्याकडे रजिस्टर आहे त्या संस्थेला ते नष्ट करू नये असं लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि ती पोच अर्जाला जोडा.

इथे एक गोष्ट अगदी निक्षून सांगायची आहे. नवा साक्षीदार आला की त्याची उलटतपासणी होणार. हजेरीच्या वहीत मागच्या तारखेची ओळ घालून घेणं, मित्राला 'तू सोबत होतास असं सांग' म्हणणं, यातून उरलीसुरली शंकाही आरोपीविरुद्ध जाते आणि खोट्या पुराव्याचा नवा गुन्हा उभा राहतो. खरा पण अपुरा कागद खोट्या भक्कम कागदापेक्षा कितीतरी जास्त कामाचा असतो.

अपिलाची कारणं लिहिताना

'खालच्या कोर्टाने पुराव्याचं योग्य मूल्यमापन केलं नाही' हे वाक्य प्रत्येक अपिलात असतं आणि त्याने काहीच होत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'निशाणी ६४ हा गेट रजिस्टरचा उतारा बचाव साक्षीदार क्रमांक २ ने सिद्ध केला. पाळीच्या वेळेत आरोपी बाहेर गेल्याची नोंद त्यात नाही. उलटतपासणीत या साक्षीला आव्हान दिलेलं नाही. तरीही निकालाच्या परिच्छेद ४१ मध्ये साक्षीदार आरोपीच्या ओळखीचा आहे एवढ्याच कारणावरून तो पुरावा फेटाळला.' निशाणी, साक्षीदार, परिच्छेद आणि चूक, चारही गोष्टी एका कारणात आल्या.

निकालात वर सांगितलेला 'अलिबी पडली, सबब दोषी' असा उलटा क्रम नसेल, तर अलिबीचं कारण पहिलं ठेवू नका. आधी प्रत्यक्षदर्शीची ओळख, उजेड, एफआयआरला झालेला उशीर, ओळख परेडमधले दोष, जप्ती पंचनामा. फिर्यादी पक्षाने उपस्थिती सिद्ध केली का हा प्रश्न आधी खुला झाला, की मग अलिबीकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं. स्वसंरक्षण किंवा 'झटापटीत लागलं' असे मुद्देही सोबत जोडणं आमच्या मते टाळावं. तिथे नसलेला माणूस झटापटीत कसा असेल, हा प्रश्न लगेच येतो.

सुनावणी आणि त्यानंतर

अपील दाखल करून घेतल्यावर खालच्या कोर्टातून मूळ रेकॉर्ड मागवलं जातं आणि पेपर बुक, म्हणजे त्या रेकॉर्डची न्यायमूर्तींसाठी बांधलेली प्रत, तयार होतं. त्यातली पानं तुमच्या नकलांशी पडताळा. अंधुक झालेल्या निशाण्या आणि मराठी जबाबांची चुकीची भाषांतरं इथेच पकडता येतात. 'नऊच्या सुमारास'चं भाषांतर 'बरोबर नऊ वाजता' झालं, तर पूर्ण वेळेचा तक्ता कोलमडतो.

अंतिम सुनावणीला वर्षं लागू शकतात. तारखेला वकील गैरहजर राहिला म्हणून फौजदारी अपील तेवढ्याच कारणाने निकाली काढता येत नाही, कोर्टाने रेकॉर्ड पाहून गुणवत्तेवरच निर्णय द्यायचा असतो (बानी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, १९९६). तरी वकिलाशी संपर्क तुटू देऊ नका, आणि युक्तिवादासाठी वेळेचा तक्ता टाइप करून, पान क्रमांकांसह, न्यायमूर्तींना देता येईल असा तयार ठेवा.

कलम ४२७ (जुनं ३८६) खाली हायकोर्ट निर्दोष सोडू शकतं, गुन्ह्याचं कलम बदलू शकतं, शिक्षा कमी करू शकतं किंवा फेरखटल्याचा आदेश देऊ शकतं. आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. मात्र वाढीसाठी सरकारने वेगळं अपील केलं असेल, तर दोन्ही एकत्र चालतात, म्हणून तशी नोटीस आली आहे का ते विचारत राहा.

पुराव्याचा सबंध फेरविचार होण्याची ही बहुधा शेवटची जागा. दोन्ही कोर्टांचा निष्कर्ष एकच असेल, तर सर्वोच्च न्यायालय साधारणपणे पुराव्यात पुन्हा शिरत नाही. तिथे विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस असतात. हायकोर्टाने सोडलं, तर वरच्या कोर्टात हजर राहण्याचा सहा महिन्यांचा बंधपत्र द्यावा लागतो (कलम ४८१, जुनं ४३७-अ). जामीनदाराची कागदपत्रं तयार ठेवा, आणि सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचला का याची खातरजमा त्याच दिवशी करा.